चक्की फिरवा, टिंब सांभाळा

किस्से जमवायला वेगळं काही करावं लागत नाही. माणूस एका जागी थोडी वर्षं राहिला, चार घरी जेवला, दोन ठिकाणी भांडला, की ते आपोआप जमतात. माळ्यावर सामान जमतं तसे. फरक एवढाच की माळ्यावरचं सामान कोणी मागत नाही, आणि किस्से मात्र लोक चहा पाजून मागतात! आमचे जुने सोबती भेटले की पहिला कप संपायच्या आत कोणीतरी म्हणतंच, "अजी मास्तर, ते मशीनच्या वर्गाचं सांगा नं!" मग काय, मीही सुटतो.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. तेव्हा चंद्रपूरला आम्ही चांदा म्हणायचो आणि गडचिरोली वेगळा जिल्हा व्हायला अजून पुष्कळ अवकाश होता. आलापल्लीच्या बाजूला सागवानाचा एक मोठा डेपो होता. जंगलातून आलेले ओंडके तिथे रचायचे, घेर आणि लांबी मोजायची, आणि कोणत्या ओंडक्यात किती घनफूट लाकूड आहे ते काढायचं. हे गणित तोवर कागदावर, बोटांवर, खडूनं ओंडक्याच्याच सालीवर, जमेल तिथे चालायचं. मग वरून हुकूम आला: यापुढे सगळं दशांशात, आणि तेही मशीनवर! मी चांद्याचा, नवाच नोकरीला लागलेला, गणिताची आवड असलेला. नागपूरला जाऊन मशीन शिकून आलो होतो. साहेब म्हणाले, "जा, तिकडच्या लोकांना शिकव."

गेलो.

* * *

मशीन म्हणजे आजच्यासारखं खिशातलं खेळणं नव्हे. काळं लोखंडी धूड! अंगावर आकड्यांच्या खाचा, त्यात सरकणाऱ्या दांड्या, आणि उजव्या अंगाला एक हँडल. दांड्या ओढून आकडा लावायचा. हँडल पुढे फिरवलं की तो आकडा खालच्या खिडकीत जमा, उलटं फिरवलं की वजा. वीज नको, काही नको. वीज तिथे होतीच कुठे म्हणा!

पेटी ट्रकमधून उतरवली तेव्हा डेपोतल्या कामकरी बायका भोवती जमल्या. त्यातल्या एका म्हातारीनं हँडलकडे बघून विचारलं, "काऊन जी मास्तर, हे दळाची चक्की होय का?"

मी म्हटलं, "होय बाई. पण हिच्यात आकडे दळतात."

म्हातारीनं मशीनला एक फेरी घातली. खाली वाकून पाहिलं. मग म्हणाली, "मंग पीठ कुठून पडते?"

मी खालची खिडकी दाखवली. तिनं खिडकीखाली पदर धरला आणि म्हणाली, "चाल, फिरव!"

त्या दिवसापासून मशीनचं नाव चक्की. सरकारी कागदात काहीही असो.

* * *

वर्गात पहिल्या रांगेत बसायचा लखमा. एटापल्लीकडचा गोंड, जंगलखात्यात गार्ड. उंचपुरा, कमी बोलणारा. चार इयत्ता शिकलेला. सतराचा पाढा येईना म्हणून गुरुजींनी इतकं झोडपलं होतं की त्यानं शाळा सोडून जंगल धरलं, असं तो स्वतःच सांगायचा.

मी त्याला सतरा लावायला सांगितले. "आता एकदा फिरव." खिडकीत सतरा. "अजून एकदा." चौतीस. "अजून." एक्कावन्न.

लखमा थांबला. माझ्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. मग न सांगता फिरवत सुटला. अडुसष्ट! पंच्याऐंशी! एकशे दोन! अख्खा सतराचा पाढा खिडकीतून एकेक करून बाहेर आला.

"मास्तर," तो म्हणाला, "पाढा म्हंजे हेच का? तोच आकडा फिरून फिरून मिळवत राह्यचा?"

"हेच."

"एवढंच?"

"एवढंच रे."

लखमानं हँडल सोडलं आणि म्हणाला, "मंग मले मारत काऊन होते?"

सगळा वर्ग हसला. लखमा हसला नाही. त्यानं हँडल पुन्हा धरलं आणि अठराचा पाढा काढला, मग एकोणीसचा. दुसऱ्या दिवशी मी चक्कीचं खोगीर, म्हणजे खालच्या खिडकीचा सरकता भाग, एक घर सरकवून दाखवलं. एक घर सरकलं की एक फेरा दहा फेऱ्यांच्या बरोबरीचा. ते पाहून मात्र तो असा हसला, असा हसला, की बाहेरचे बैल बिचकले!

* * *

भागाकाराची गंमत वेगळी. भागाकार म्हणजे वजा करत जायचं. उलटं हँडल फिरवत राहायचं. प्रमाणाबाहेर वजा झालं की चक्कीतली घंटी वाजते, टिंग! म्हणजे एक फेरा जास्त झाला. तो परत घ्यायचा, एक घर सरकायचं, पुढे चालायचं.

आमच्या वर्गाशेजारी रेंजर साहेबांची खोली. साहेबांच्या टेबलावर घंटी. तीही टिंग! आणि दोन्ही खोल्यांच्या मध्ये स्टुलावर बसलेले शिपाई दौलतभाऊ.

पहिल्या दिवशी आमची घंटी वाजली की दौलतभाऊ साहेबांकडे धावले. "काय साहेब?" साहेब म्हणाले, "मी नाही बोलावलं." दौलतभाऊ परत. टिंग! परत आत. सकाळभर हेच. दुपारपर्यंत बिचाऱ्यांचे पाय दुखायला लागले आणि साहेबांचं डोकं.

दुसऱ्या दिवशी आमचा भागाकार जोरात चालला होता. तेवढ्यात साहेबांच्या खोलीचं दार धाडकन उघडलं. साहेब बाहेर, लालबुंद! "दौलत! मी केव्हाचा घंटी वाजवून राह्यलो! ऐकू नाही येत का?"

दौलतभाऊ स्टुलावर निवांत तंबाखू मळत होते. ते हळूच उठले आणि म्हणाले, "माफ करा साहेब. मले वाटलं, मास्तरचा भागाकार होय."

* * *

मल्लय्या सिरोंच्याचा. ओंडक्यांना टेप लावणारा. घरात तेलुगू, बाहेर मोडकी मराठी. हँडलचे फेरे मोजताना मात्र त्याच्या तोंडून तेलुगूच निघायची: "ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू..."

लखमा एकदम वळला. "काय म्हणला? पुन्हा म्हण!"

"रेंडू, मूडू, नालुगू."

"अरे आमचं पण तसंच हाय! उंदी, रंड, मूंड, नालुंग!"

झालं! दोघं एकमेकांचे खांदे धरून मोजायला लागले, जसे जत्रेत हरवलेले भाऊ भेटले. त्यानंतर वर्गात फेरे मोजायचे ते कुणी तेलुगूत, कुणी गोंडीत, कुणी मराठीत. चक्कीला काय, उत्तर तेच!

हेडक्लार्क वामनरावांना हे मुळीच आवडलं नाही. "हा सरकारी वर्ग होय का बाजार?" म्हणाले. आठवड्यानंतर मी काही कामानं त्यांच्याकडे गेलो. ते पाठमोरे उभे राहून कपाटातल्या फायली मोजत होते. मी दारातच थांबलो.

"उंदी... रंड... मूंड..."

* * *

आता दशांश. इथे खरी लढाई होती.

फुटाचे इंच बारा, आणि दशांश दहाचा. त्यामुळे व्हायचं काय, पाच फूट सहा इंच घेर असला की लोक बिनधास्त लिहायचे, ५.६! आता पाच फूट सहा इंच म्हणजे साडेपाच, म्हणजे ५.५. एका ओंडक्यात फरक दिसत नाही, पण डेपोत ओंडके हजारांनी. नसलेलं लाकूड कागदावर उगवायचं! पुढे माल उचलताना ते लाकूड भरणार कुठून? मी सांगून सांगून थकलो. शेवटी बांबूची एक फूटभर कामटी घेतली, तिच्यावर बाराऐवजी दहा खुणा केल्या आणि म्हटलं, "हा दशांशाचा फूट. यानं मोजा म्हणजे चूक होणार नाही."

कामटीची युक्ती चालली. वर्गाची गाडी रुळावर आली. पण एक दिवस कामटी गायब!

ती नेली होती रेंजर साहेबांनी. घरच्या खिडकीला पडदा शिवायचा होता, हाताशी दुसरं माप नव्हतं. त्यांनी खिडकी मोजली, चार फूट आणि वर नऊ खुणा. टेलरला निरोप दिला: चार फूट नऊ इंच. पडदा आला, लावला, आणि खालून चांगला दोन बोटं आखूड!

दुसरा कुणी साहेब असता तर टेलरवर डाफरला असता, नाहीतर माझ्यावर. आमच्या साहेबांनी तो पडदा काढला, घडी करून स्वतः वर्गात आणला आणि वर्गाच्या खिडकीला टांगला. "बघा रे सगळ्यांनी," म्हणाले, "नऊ दशांश आणि नऊ इंच यात एवढा फरक असते. मी चुकलो, तुम्ही चुकू नका." त्या दिवसानंतर आमच्या डेपोत कुणी पाच फूट सहा इंचाचे ५.६ लिहिले नाहीत!

पुढे चांद्याहून एक मोठे साहेब तपासणीला आले. सगळं पाहून खूश. जाताना खिडकीकडे बोट करून म्हणाले, "पडदा आखूड का आहे?"

मल्लय्या ताडकन उभा राहिला. "साहेब, तो पडदा नाही. तो दशांश आहे!"

* * *

चक्कीला टिंब कळत नाही, हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो. ती नुसते आकडे देते. टिंब कुठे ठेवायचं ते माणसानं ठरवायचं. त्यासाठी पट्टीवर पितळेचे छोटे काटे असतात, ते सरकवायचे. "आधी अंदाज, मग हँडल!" असं मी रोज ओरडायचो.

एकदा लखमानं एका ओंडक्याचं उत्तर काढलं: चारशे अठ्ठ्याहत्तर घनफूट. मी काही बोलणार, तेवढ्यात तो स्वतःच उठून बाहेर गेला. खिडकीतून आम्ही बघतो तर हा ओंडक्याजवळ उभा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालला. मिठी मारून पाहिली. डोकं खाजवलं. आत येऊन काटा एक घर डावीकडे सरकवला. सत्तेचाळीस पूर्णांक आठ.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"काई नाई मास्तर. लाकूड जागेवरच हाय. टिंबच हिंडून राह्यलं होतं!"

* * *

वामनरावांचं सांगायचं राहिलं. पन्नाशी उलटलेले, काळी टोपी, कपाळाला अष्टगंध. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अपूर्णांकांचे सगळे पाढे तोंडपाठ. वर्गात यायचे, पण चक्कीला हात लावायचे नाहीत. "माह्या डोक्याले हँडल नाई लागत," म्हणायचे.

आणि चक्कीवर सगळ्यात जलद हात होता वत्सलाबाईंचा. त्यांचे यजमान याच डेपोत कारकून होते, तापानं अचानक गेले. बाई सातवी पास. साहेबांनी त्यांना यजमानांच्या जागी टेंपररी घेतलं. डेपोत बाई कारकून म्हटल्यावर लोक खिडकीतून डोकावून जायचे. बाई मान वर करायच्या नाहीत. दांड्या ओढायच्या, हँडल फिरवायचं, टिंब ठेवायचं, पुढचा ओंडका.

एक दिवस वामनराव सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, ते खटखट बंद करा. तुमचं हँडल फिरेपर्यंत मी उत्तर सांगून घरी जाईन."

बाई पहिल्यांदाच वर पाहून बोलल्या. "पाहून घेऊ नं भाऊ."

शनिवारी काम संपल्यावर सामना ठरला. सगळा डेपो लोटला! लोक खिडक्यांत चढले. रेंजर साहेब पंच, गणितं माझी.

पहिलं गणित: सव्वादोन गुणिले सव्वाएकवीस. बाईंनी दांड्या ओढायला घेतल्या, तोच वामनरावांनी डोळे मिटले, ओठ हलले, आणि "पावणेअठ्ठेचाळीस, वर चिमूटभर!" बाईंची खिडकी म्हणाली, ४७.८१२५. टाळ्या! शिट्ट्या! वामनरावांनी टोपी सारखी केली. दुसरं गणित साडेसातचं, तेही त्यांनीच मारलं. खिडकीतला एक जण ओरडला, "बाई, घरी जा!" साहेबांनी त्याला खाली उतरवलं.

मग मी तिसरं गणित घातलं. १.३७ गुणिले १८.६४.

वामनरावांनी डोळे मिटले. ओठ हलले. थांबले. पुन्हा हलले. इकडे खट खट, खर्रर्र, एक घर सरक, खर्रर्र. "पंचवीस पूर्णांक पाच तीन सहा आठ," बाई म्हणाल्या. अगदी हळू आवाजात. वामनरावांचे डोळे मिटलेलेच.

शेवटी त्यांनी डोळे उघडले आणि माझ्यावरच उखडले. "मास्तर, हा का आकडा होय? याले पाव नाई, निम्मा नाई, पाऊण नाई! असा आकडा सभ्य माणूस बोलत नसते!"

पण ओंडके असल्याच मापाचे असतात, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत! चौथं गणित बाईंचं, पाचवंही बाईंचं. डेपो दणाणला. मघाशी खिडकीतून उतरवलेलाच सगळ्यात जोरात ओरडत होता. वामनराव उठले. ते सरळ बाईंच्या टेबलाशी गेले, टोपी काढून बगलेत धरली.

"बाई," म्हणाले, "सोमवारपासून मले शिकवता का?"

"शिकवते नं भाऊ. पण अंदाज तुमचाच लागन मले. माहं टिंब चुकलं तर सांगान कोन?"

तेव्हापासून दोघांची टेबलं जवळजवळ लागली. उत्तर बाई काढायच्या, अंदाज वामनराव सांगायचे. दोन्ही जुळल्याशिवाय आकडा कागदावर चढायचा नाही. त्या जोडीचा एकही आकडा कधी परत आला नाही!

* * *

आणि आता परीक्षेचा किस्सा.

वर्ग संपला की चांद्याला परीक्षा. पास झाला तो मशीनवरचा पक्का कारकून. वत्सलाबाईंची टेंपररी नोकरी त्या एका दिवसावर लटकलेली. नापास म्हणजे घरी. पुन्हा संधी नाही. आमचा अख्खा वर्ग त्या दिवशी पास झाला, लखमासुद्धा, वामनरावसुद्धा. पण बाई पास झाल्या ते सगळ्यांत पाहण्यासारखं.

बाईंची लेक कुंदा, चार वर्षांची. गावी ठेवायला कोणी नाही म्हणून तिलाही ट्रकमधून सोबत आणली होती. बाई आत गेल्या, कुंदा व्हरांड्यात लखमाच्या मांडीवर. नागपूरहून आलेले परीक्षक साहेब गोरटेले, चष्मा, करडा आवाज. एकेकाला बोलवून समोर बसवून गणितं घालायचे. वामनरावांनी त्यांच्याशी सवायकीवरून वादच घातला, त्यामुळे उशीर झाला. बाईंचा नंबर येईतो जेवणवेळ टळून गेली होती. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर. बाहेरून कुंदाचा बारीक आवाज येत होता, "आई, भूक!" बाईंची मान एकदाच दाराकडे वळली, मग नाही.

साहेबांनी बेरीज घातली. बरोबर. दशांशाचा गुणाकार. बरोबर, टिंबासकट. घनफूट काढायला दिले. बरोबर. लांबलचक भागाकार दिला. तोही बरोबर. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. मला नागपुरातच कुणीतरी सांगितलं होतं: ज्याची सगळी उत्तरं बरोबर येतात, त्यालाच हे गृहस्थ एक जास्तीचा प्रश्न घालतात, आणि निकाल त्या प्रश्नावर ठरवतात. असला प्रश्न मी वर्गात कधी घेतला नव्हता.

"सत्तेचाळीस," साहेब म्हणाले, "भागिले शून्य."

बाईंनी सत्तेचाळीस चढवले. दांड्या शून्यावर आणल्या. उलटं हँडल फिरवलं. सत्तेचाळीस जागेवरच. पुन्हा फिरवलं. सत्तेचाळीस. आणखी दोन फेरे. वरच्या खिडकीत फेऱ्यांचा आकडा तेवढा वाढत होता, खालचे सत्तेचाळीस ढिम्म!

बाई थांबल्या. खिडकीकडे पाहिलं. व्हरांड्यातून पुन्हा आवाज आला, "आई!"

"थांबलात का?" साहेबांनी विचारलं. "उत्तर काय?"

बाई उठल्या. पदर सारखा केला. दोन्ही हातांनी ते लोखंडी धूड गर्रकन वळवलं, हँडल साहेबांच्या हाताशी येईल असं ठेवलं आणि म्हणाल्या,

"साहेब, तुम्ही फिरवत राहा. उत्तर आलं का मले आवाज द्या. तवर मी लेकीले जेवू घालून येते!"